‘थर्टी डेज ऑफ नाइट’च्या खेळावरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या नौपाड्यातील छोट्या प्रेक्षागृहात शनिवारी रात्री दाखवलेल्या ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ (महिनाभर सूर्य न उगवणाऱ्या अलास्कातील गावावर रक्तपिपासू चालून येतात त्याची गोष्ट) या चित्रपटाबद्दल आणि एकूण संध्याकाळबद्दल आपण एक तारा देऊन सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की चित्र इतके काळे होते की निम्मे प्रसंग दिसलेच नाहीत, रक्तपिपासूंना ना पूर्वकथा ना धड संवाद, तीस दिवसांच्या रात्रीचे गणितच खोटे, पंधरा वर्षांच्या भाच्याला दारातून परत पाठवले गेले आणि खेळानंतरच्या चर्चेत लोक चित्रपट सोडून २६ जुलैच्या पुराबद्दल बोलत बसले. शेवटी आपण तिकिटाचे पैसे परत मागितले आहेत. हे उत्तर आपल्यासाठी आहेच, पण तो अभिप्राय वाचून पुढचा खेळ पाहावा की नाही हे ठरवणाऱ्यांसाठीही आहे.

भाच्याबद्दल आधी लिहितो. अमेरिकेत हा चित्रपट ‘आर’ श्रेणीत, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नसलेल्या श्रेणीत, प्रदर्शित झाला होता, आणि आम्ही तो अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीच ठेवला होता. तिकिटावर तसे छापलेलेही होते. त्यात किराणा दुकानातला एक प्रसंग आहे, ज्यात एका लहान मुलीचे काय झालेले असते आणि तिच्याशी काय करावे लागते, हे आपण पाहिलेच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला तो प्रसंग दाखवायला मी तयार नाही, आणि दारावरच्या आमच्या कर्मचाऱ्याने जे केले ते माझ्या सांगण्यावरूनच केले.

आता चित्राच्या काळेपणाबद्दल. डेव्हिड स्लेड यांनी २००७ साली दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा बहुतेक भाग रात्रीच घडतो. त्यातले रंग मुद्दाम उतरवलेले आहेत, बर्फ राखाडी आणि रक्त जवळजवळ काळे दिसते, कारण मूळ कॉमिकमधली बेन टेम्पलस्मिथ यांची चित्रेही तशीच आहेत. आमच्याकडे प्रत्येक खेळाआधी पडद्यावर काळ्यापासून करड्यापर्यंतच्या पट्ट्यांची चाचणी लावली जाते. शेजारशेजारचे दोन सर्वांत गडद पट्टे शेवटच्या रांगेतून वेगळे ओळखू आले तरच खेळ सुरू होतो, आणि शनिवारी मी स्वतः शेवटच्या रांगेत उभा राहून ते पाहिले होते. उजेड वाढवला असता तर बर्फावरचा तपशील पांढरा होऊन वाहून गेला असता. बाहेर पडण्याच्या दारावरचा हिरवा दिवा डोळ्यांना खुपतो असेही आपण लिहिले आहे, पण भरल्या प्रेक्षागृहात तो विझवता येत नाही आणि कोणी कितीही सांगितले तरी आम्ही तो विझवणार नाही.

तीस दिवसांचे गणित खरे नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. चित्रपट जिथे घडतो ते अलास्काच्या उत्तर टोकावरचे गाव, जे तेव्हा बॅरो होते आणि २०१६ पासून उतकियाग्विक या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या इन्युपियाक भाषेतल्या नावाने ओळखले जाते, ते सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य जवळपास ६५ दिवसांनी, जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतो, आणि मधल्या काळात दुपारच्या सुमारास काही तास संधिप्रकाशही असतो. तरीही चित्रपटाने घेतलेली ही सूट मला चुकीची वाटत नाही. स्टीव्ह नाइल्स आणि टेम्पलस्मिथ यांच्या २००२ च्या कॉमिकची सगळी उभारणी ज्या एका कल्पनेवर आहे, ती म्हणजे ज्यांना सूर्याचेच भय आहे त्यांना सूर्य नसलेले गाव सापडणे. आणि त्या कल्पनेतली खरी भीती दिवसांच्या आकड्यात नसून, या गावाला राज्याशी जोडणारा एकही रस्ता नाही, विमान बंद झाले की बाहेर पडणे फार अवघड होते, या आजही खऱ्या असलेल्या गोष्टीत आहे.

रक्तपिपासूंना कथा नाही या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. ते त्यांच्याच घशातल्या, खरखरीत बोलीत बोलतात आणि आपल्याला खाली अक्षरे वाचावी लागतात. त्यांना आपली समजूत काढायची नाही की आपल्याला मोहात पाडायचे नाही. पूर्वकथा दिली असती तर आपण त्यांना समजून घेऊ लागलो असतो, आणि समजले की निम्मे भय जाते. कथा गावकऱ्यांची आहे. गावचा शेरीफ आणि त्याच्यापासून दुरावलेली बायको यांची आहे, जिचे शेवटचे विमान एका अपघातामुळे चुकते आणि ज्या माणसापासून ती निघून चालली होती त्याच्याच सोबत तिला लपावे लागते. शेवट आपण अभिप्रायात उघड केला आहे. इतरांसाठी मी त्यावर इथे लिहीत नाही. एवढेच म्हणतो की तो मला या दोघांच्या नात्यातून आलेला वाटतो, ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

आता चर्चेबद्दल, कारण आपला सर्वांत कठोर शब्द, ‘विषयांतर’, त्याबद्दल आहे आणि मला सर्वांत जास्त तोच खटकला. आपण ज्यांच्याबद्दल लिहिले आहे ते कळव्याचे निवृत्त रेल्वे कर्मचारी आमच्याकडे नेमाने येतात. ते म्हणाले की त्यांना रक्तापेक्षा सुरुवातीचा भाग जड गेला: जाळलेले फोन सापडतात, मग स्लेज ओढणारी कुत्री मारलेली आढळतात, मग मोडलेले हेलिकॉप्टर, शत्रू दिसण्याआधीच कोणीतरी येऊन एकेक वाट बंद करून गेलेले आहे. त्यावरून त्यांना २००५ सालच्या त्या रात्रीची आठवण झाली, जेव्हा लोकल बंद होत्या, फोन लागत नव्हते आणि रुळांवर पाणी होते. पण त्यांचे पुढचे वाक्य आपल्या अभिप्रायात आलेले नाही. ते म्हणाले, त्या रात्री अनोळखी लोकांनी दारे उघडली, चहा-बिस्किटे दिली, बायकामुलांना घरात झोपायला जागा दिली. या चित्रपटात रस्त्यावर एक बाई मदतीसाठी हाका मारत फिरते आणि माळ्यावर लपलेल्यांना दार उघडता येत नाही, कारण ती आमिष म्हणून सोडलेली आहे. अडकून पडलेल्या गावाची माणुसकीच त्याच्याविरुद्ध वापरली जाते. हे विषयांतर आहे असे मला कोणत्याही अर्थाने वाटत नाही. या चित्रपटाबद्दल इतके नेमके मी क्वचितच कोणाकडून ऐकले आहे, आणि त्यांना मध्येच थांबवणे मला शोभले नसते.

चर्चेत फक्त कौतुक झाले असेही नाही. ऐरोलीहून आलेल्या एका शिक्षिकेने दाखवून दिले की पडद्यावर अक्षरे येऊन दिवस उड्या मारत पुढे जातात आणि त्यामुळे महिनाभराची उपासमार, थकवा, एकमेकांवरचा वैताग अंगावर येत नाही. तीस दिवस दोन रात्रींसारखे वाटतात. हा दोष मलाही मान्य आहे. मागच्या रांगेतल्या एका तरुणाने विचारले की ज्या गावात इन्युपियाट या मूळ रहिवासी लोकांची वस्ती मोठी, त्या गावाच्या गोष्टीत ते इतके थोडे का दिसतात, आणि त्या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर नाही. दुसरीकडे, कॅमेरा गावावरून वर जातो आणि छपरांच्या मधल्या पांढऱ्या रस्त्यावर माणसे एकेक करून ओढली जाताना वरून, अगदी छोटी दिसतात, त्या एका दृश्यासाठी आपण पुन्हा तिकीट काढू असे तिघा-चौघांनी सांगितले. वरून पाहणारे कोणी मदतीला येणार नाही, हे त्या उंचीवरूनच कळते.

चर्चेला थांबण्याची सक्ती कोणावरही नसते. खेळ संपताच दोन्ही दारे उघडली जातात, आणि कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्यांना गाडी मिळावी म्हणून आम्ही चर्चा ठरल्या वेळी आटोपतोही. मात्र ती आमच्या शनिवारच्या खेळाचा भाग आहे, तिचा उल्लेख जाहिरातीत असतो आणि ती पुढेही चालू राहील. आपण शेवटपर्यंत बसून होता, तेव्हा आपले हे आक्षेप तिथे मांडले असतेत तर त्या शिक्षिकेला आणि आपल्याला एकमेकांशी बोलायला बरेच काही मिळाले असते असे मला मनापासून वाटते.

पैशांबद्दल: खेळ पूर्ण झाला आणि आपण तो पूर्ण पाहिलात, त्यामुळे आपल्या तिकिटाचा परतावा देता येणार नाही. भाच्याचे तिकीट त्याच वेळी दारावर रद्द केलेले आहे. त्याची रक्कम अजून खात्यात जमा झाली नसल्यास तिकीट खिडकीवर व्यवहाराचा क्रमांक दाखवावा, तिथल्या तिथे तपासून ती देण्यात येईल.

आपला,
प्रेक्षागृहाचा चालक, नौपाडा, ठाणे