पंधरा रेघांचं दहाचं नाणं खोटं नाही

‘दहाच्या नाण्यावर दहा रेघा आणि रुपयाचं चिन्ह असेल तरच ते खरं. पंधरा रेघांचं, बिनचिन्हाचं नाणं खोटं, घेऊ नका.’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात, त्याचेच दहा रुपये वाया जातात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी चिन्ह. रुपयाचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि नाण्यांवर ते २०११ पासून आलं. दोन धातूंचं दहाचं नाणं मात्र २००९ मध्येच लोकांच्या हातात आलं होतं. तेव्हा जे चिन्ह ठरलंच नव्हतं, ते त्या नाण्यांवर येणार कुठून? नाण्यावरचं साल वाचा. २००९ असेल तर चिन्ह नसणंच बरोबर. उलट, त्यावर चिन्ह दिसलं तर जरूर शंका घ्या.

रेघांचंही तसंच. चिन्हाआधीच्या नक्षीत पंधरा रेघा होत्या, चिन्हासोबत आलेल्या नक्षीत दहा. नवी नक्षी आली म्हणून जुनी रद्द होत नाही.

‘एवढी वेगवेगळी चित्रं कशी?’ कारण रोजच्या नाण्यांबरोबर सरकार विशेष प्रसंगांचीही नाणी काढतं. डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीचं आहे, वैष्णोदेवीचं आहे, योग दिनाचंही आहे. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीरच केलं होतं, की तोवर दहाची नाणी १४ नक्षींत आली असून ती सगळी वैध आहेत. सालाखाली छोटा चौकटीसारखा हिरा दिसला, तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीची खूण. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नसते. म्हणजे खूण नसणं हाही खोटेपणाचा पुरावा नव्हे.

‘सरकारने नाणं बंद केलंय’ हे साफ चूक. नाणी बंद होतात ती जाहीर अधिसूचनेने. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून तशीच गेली. दहाच्या नाण्याबाबत असं काहीही झालेलं नाही.

बनावट नाणी पोलिसांना सापडलीच नाहीत, असं मी म्हणत नाही. पण बनावट पाडणारा दहा रेघांची नक्कलही करू शकतो. मग रेघा मोजून काय कळणार?

राहिली दुकानदाराची भीती, की बँक घेणार नाही. ही भीती मला खरी वाटते, कारण चिल्लर मोजायला काउंटरवर कुरकुर होते. पण सर्व शाखांनी नाणी स्वीकारावीत, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार रुपया व त्यावरच्या नाण्यांत एक हजार रुपयांपर्यंतची रक्कम चुकती करता येते. कुणी पोतंभर चिल्लर आणून ओतली, तर नाही म्हणा. भाजीच्या पैशांत आलेलं एक नाणं रेघा मोजून परत करायला मात्र कायद्यात कुठेच आधार नाही.