टीसी अडवू नका

2018 च्या एप्रिलमध्ये शारजात माझी नोकरी गेली. व्हिसा रद्द झाला की तेव्हा साधारण 30 दिवसांत देश सोडावा लागे. घर, गाडी, बँक, सगळं तेवढ्यात आवरायचं. मुलगी नुकतीच आठवी पास झाली होती आणि तिच्या शेवटच्या टर्मची फी बाकी होती. शाळेने (नाव लिहीत नाही) सांगितलं, आधी फी, मग टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

फी देणं लागत होतो, त्याबद्दल वाद नाही. पण गल्फमध्ये राहिलेल्यांना माहीत आहे, फायनल सेटलमेंट, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या हिशेबाचे पैसे, हातात येते ती अगदी निघता निघता. मी पुढच्या तारखेचा चेक द्यायला तयार होतो. चेक परत जाणं हा तेव्हा तिथे फौजदारी गुन्हा होता, 2022 मध्ये तो कायदा सैल झाला. म्हणजे चेक न वटण्याची भीती मलाच जास्त होती! तरीही कागद अडला तो मुलीचा.

दुबईतलं इंडियन हायस्कूल 1961 चं. यूएई हा देशच 1971 चा, म्हणजे देशाच्या आधी आपल्या लोकांनी शाळा काढली. का? तिथे कितीही वर्षं राहा, नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही. आज ना उद्या परतायचंच. म्हणून तर सीबीएसई, म्हणून एप्रिल ते मार्च वर्ष, एनसीईआरटीची पुस्तकं. पोर शारजातून उठून नाशिकच्या वर्गात बसलं तरी धडा तोच असावा. परतीची सोय हाच ज्या शाळांचा पाया, त्यांनीच परतीचा कागद धरून ठेवावा?

तिथल्या शिक्षकांविषयी मात्र मनात फक्त कृतज्ञता आहे. केरळच्या गणिताच्या बाईंनी निघायच्या आदल्या दिवशी तिला तास दीडतास जवळ बसवून बीजगणित समजावलं. त्यांचा पगार फीतूनच होतो, हेही मला कळतं. मग हप्ते बांधा, हमीपत्र घ्या, सुस्थितीतल्या पालकांकडून अडचणीसाठी निधी उभा करा, मी आजही त्यात पैसे घालीन. टीसी मात्र मागितल्या दिवशी द्या. नववीला सीबीएसईची नोंदणी असते, तिथे त्याच्यावाचून अडतं.

शेवटी बायकोच्या दोन बांगड्या मोडून फी भरली. टीसी जुलैत आला. तोवर मुलगी नाशिकच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायची, हजेरीत तिचं नाव नव्हतं. बाई नावं घ्यायला लागल्या की ती खाली बघायची, हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.