कीव आल्याबद्दल आभार

‘मैदानकर’ महोदय,

सप्रेम नमस्कार. सप्रेम लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नका.

‘हिवाळ्यात किट खांद्यावर नको, चाकांवर न्या’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. घरातूनही तोच सल्ला मिळाला. पण बघता बघता तुमच्याखाली ‘अगदी बरोबर’, ‘सॉलिड बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून बसलो लिहायला. वाक्यं मोडूनतोडून घेतली असा आरोप नको, म्हणून तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो:

‘चाकाच्या बॅगा ओढत मैदानात येणारी पोरं पाहिली की कीव येते. किट खांद्यावर वाहिल्याशिवाय मुंबईचा क्रिकेटर घडत नाही. शार्दूल ठाकूर पालघरहून यायचा, तो काय ट्रॉली ओढत यायचा? लेखक मुलीला गाडीतून मैदानाच्या दारात सोडणाऱ्यांपैकी दिसतात. चाकाची बॅग मुळात जड, लोकलमध्ये दुसऱ्यांच्या पायावर, आणि पेव्हर ब्लॉकवर एका सीझनमध्ये चाकं गळून पडतात. पावसाळ्यात चिखलातून ओढून दाखवा, मग बोलू.’

मुद्दे आहेत, नाही असं नाही. पण आधी सुराबद्दल बोलू.

मी लिहिलं काय होतं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शाळकरी क्रिकेटचा भर मोसम. हॅरिस शील्ड, जाइल्स शील्ड या शाळांच्या स्पर्धा, मुलींचे सामने, सगळं याच दिवसांत गर्दी करतं. मैदानं कोरडी ठणठणीत असतात. तेव्हा निदान या चार महिन्यांत पोरांनी किट खांद्यावर न घेता ओढत न्यावं, एवढंच सुचवलं. कुणाला नाजूक म्हटलं नाही, कुणाच्या क्रिकेटची लायकी काढली नाही. यावर तुम्हाला राग आला असता तर चाललं असतं. तुम्हाला आली कीव, आणि तीही बारा-चौदा वर्षांच्या पोरांची, जी आपलं सामान आपण घेऊन पहाटे घराबाहेर पडतात. माझ्या मुलीनंही तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘हे काका खेळलेत का?’ एवढंच विचारलं तिनं. मी म्हटलं, खेळले असतील. बघा, तुमच्यासाठी खोटं बोललो असेन कदाचित.

आता ते गाडीचं वाक्य.

आमच्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती. एक स्कूटर होती, ती विकली. मुलुंडला आमच्या इमारतीत गाडी लावायला जागाच नाही, आणि जागा असती तरी मी घेतली नसती, कारण पगारातलं जे उरतं ते कीपिंग ग्लोव्ह्ज आणि बॅटीच्या ग्रिप यांत जातं. हे सगळं मला तुम्हाला का सांगावं लागतंय? कारण तुम्ही न पाहता, न विचारता, एका ओळीत माझी जात ठरवलीत: गाडीवाले, दारात सोडणारे.

तर ऐका कसे जातो ते. मुलुंडहून सीएसएमटीची स्लो. जानेवारीत मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे आम्ही जिना उतरतो तेव्हा चक्क रात्र असते. (मुंबईचा हिवाळा म्हणजे तरी काय, कानटोपी कपाटातून निघते आणि आठ वाजता परत पिशवीत जाते.) मुलगी बायकांच्या डब्यात, मी शेजारच्या जनरलमध्ये, मधल्या जाळीशी. तिची बॅग दाराच्या आतल्या अंगाला आडवी लावलेली असते. कोळणीबाई टोपल्या घेऊन मालडब्यात जातात, पण हिनं तिथं जावं असं मला वाटत नाही, तिलाही वाटत नाही. घाटकोपर-कुर्ल्याला गर्दी झाली की ती बॅग उभी करते आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहते. सीएसएमटीला उतरलं की सबवे, मग महापालिकेची इमारत डाव्या-उजव्या कुठल्या तरी हाताला ठेवून आझाद मैदान, नाहीतर पुढे क्रॉस मैदान. ही आमची गाडी. शोफर मी.

आणि ती बॅग कशाची असते तेही बघा. ती विकेटकीपर आहे. म्हणजे बॅटिंगचे पॅड वेगळे, कीपिंगचे वेगळे. ग्लोव्ह्जच्या दोन तऱ्हा, वर आतले सुती. हेल्मेट, थाय पॅड, बॅट, स्पाइक्स, दोन लिटर पाणी, डबा, बदलायचे पांढरे कपडे. आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या हुकाच्या काट्याला एकदा अडकवून पाहिली: सव्वाअकरा किलो. मुलीचं वजन ४२ किलो. शाळेच्या दप्तराबद्दल केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असं म्हटलंय. महाराष्ट्रात तर त्याच अर्थाचा शासन निर्णय २०१५ सालीच निघाला होता. त्या हिशेबानं तिनं ४ किलो २०० ग्रॅम उचलायचे. बाकीचे सात किलो ‘मुंबईचा क्रिकेटर घडावा’ म्हणून? दप्तर जड झालं की पालकसभेत आरडाओरडा करणारेच आपण, आणि किटला मात्र हार घालायचा. वाढत्या वयातल्या फास्ट बोलरना कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतात हे आता प्रत्येक कोचला माहीत असतं, म्हणून ते षटकं मोजतात. त्याच मुलानं सकाळी एका खांद्यावर काय लटकवून आणलं, ते कोण मोजतो?

तुमची एक गोष्ट मान्य. रिकामी चाकाची बॅग साध्या बॅगेपेक्षा जड असते, किलो-दीड किलोनं सहज. खालची फळी, दांडा, चाकं, वजन असणारच. लेखात ही ओळ असती तर बिघडलं नसतं. पण ते वजन जमिनीवर असतं. जिन्यावर उचलावी लागते म्हणाल, तर बऱ्याच स्टेशनांवर सरकते जिने आहेत. बंद असतात म्हणाल, तर ते रेल्वेला विचारा, मला नको.

आता माझं. तुम्ही माझ्या घरात डोकावलातच आहात, तर पूर्ण बघा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी भांडुपहून आझाद मैदानात खेळायला जायचो. चाळीत राहायचो. माझ्या खांद्यावर काय असायचं? रेक्झिनच्या कव्हरात एक बॅट, तिच्या दांड्याला लेसनी बांधलेले बूट आणि शबनममध्ये डबा. बस्स. पॅड, ग्लोव्ह्ज, गार्डसुद्धा (हो, गार्डसुद्धा) क्लबचं. माणूस झोपेल एवढी कॅनव्हासची पिशवी क्लबच्या तंबूत पडलेली असायची. सामना दुसऱ्या मैदानावर असला की दोघांनी दोन बाजूंनी तिचे कान धरायचे आणि चालू पडायचं, दर शंभर पावलांवर हात बदलत. आउट होऊन आलेला पॅड सोडायचा आणि नंतरचा तेच चढवायचा. पट्टे घामानं ओले, त्यांचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत. हेल्मेट आम्हा पोरांनी फोटोत पाहिलेलं. तेव्हा ‘आमच्या वेळी आम्ही खांद्यावर किट वाहिलं’ असं जे सांगतात, त्यांनी नेमकं काय वाहिलं ते एकदा आठवावं. त्या काळचं ओझं आणि आजच्या कीपरचं ओझं यांत तिपटीचा फरक सहज आहे, आणि आज ते एकट्यानं न्यायचं असतं. क्लबची पिशवी गेली, पिशवीचा दुसरा कान धरणाराही गेला. तुम्हाला बदल दिसला तो फक्त चाकांचा.

पुढे नोकरी लागली, ऑफिस क्रिकेट सुरू झालं, स्वतःचं किट घेतलं. तेव्हा मीही तुमच्यासारखाच होतो. उजव्या खांद्यावर अडकवायचं, दारात लटकायचं, छाती पुढे. लग्नाच्या वेळी कोट शिवायला दादरला गेलो. शिंप्यानं टेप लावली, पुन्हा लावली, मला सरळ उभं राहायला सांगितलं, मी म्हटलं सरळच उभा आहे. ‘साहेब, उजवा खांदा उतरलाय तुमचा.’ मग त्यानं उजव्या बाजूला आत जाड पॅडिंग घातलं, डाव्या बाजूला पातळ. तो कोट अजून कपाटात आहे. या एकदा मुलुंडला, चाचपून बघा, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

शार्दूल ठाकूर. हे नाव घेतलंत की पुढचा माणूस गप्प बसतो असा तुमचा अनुभव असावा. शार्दूल ट्रॉली ओढत यायचा का? नसेल. पालघरहून ट्रेननं यायचा हे सगळ्या मुंबईला तोंडपाठ आहे. पण गोष्ट तिथं संपत नाही ना! कोच दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं आणि राहायला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. का? पालघर-बोरिवली रोज करण्यात पोरगं दमू नये म्हणून. त्याच शाळेकडून खेळताना हॅरिस शील्डमध्ये त्यानं एका षटकात सहा षटकार मारले. खांद्याला घट्टे पडू देत, घडेल आपोआप, असं सर म्हणाले असते तर तुमच्या बाजूनं उदाहरण झालं असतं.

सचिनचंही तसंच. वांद्र्याहून शिवाजी पार्कला ३१५ नंबरची बस, आणि तिच्यात किट घेऊन चढणारा मुलगा, हे चित्र तुम्हाला आवडत असणार. मलाही आवडतं. पण घरच्यांनी काय केलं? शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे त्याची राहायची सोय केली, कारण त्या जाण्यायेण्यात आणि सरावात पोराचा पिट्टा पडत होता. ज्यांच्या ओझ्याच्या कथा आपण सांगतो, त्यांच्या आजूबाजूच्या शहाण्या माणसांनी जमेल तेव्हा ते ओझं कमी केलं. सगळ्यांना लाड सर भेटत नाहीत, सगळ्यांचे काका शिवाजी पार्कला राहत नाहीत. माझ्या मुलीचे काका बदलापूरला राहतात. मग उरतात चाकं.

‘पावसाळ्यात चिखलातून ओढून दाखवा.’ लेखाचं नाव परत वाचा, पहिलाच शब्द. मुंबईच्या क्लबांची कांगा लीग १९४८ पासून भर पावसात चालत आलीय. न झाकलेल्या खेळपट्ट्या, घोट्याच्या वर गवत, जमिनीवरून मारलेला चेंडू चार हातांवर जाऊन बसतो. त्या चिखलात चाकाची बॅग आणा असं मी म्हटलेलं कुठं दिसलं? जुलैत मी स्वतः किट पाठीवर देतो, दोन्ही पट्टे दोन खांद्यांवर. तिथं तुमचं-माझं भांडणच नाही. भांडण तुम्हाला हवं आहे म्हणून आहे.

राहिलं काय? दुसऱ्यांच्या पायावर चाक जातं म्हणता. खांद्यावरचं किट दुसऱ्यांच्या तोंडावर जातं, एवढाच फरक. चाकं गळतात? गळतात. बॅग दुरुस्तीवाला बदलून देतो. रविवारी मी बॅग उलटी करून बसतो, आसात गुंडाळलेले केस, दोरे आणि मैदानाची लाल माती ब्लेडनं खरवडून काढतो, दोन थेंब शिलाई मशीनचं तेल सोडतो. पेव्हर ब्लॉकबद्दल तक्रार असेल तर ती माझ्या लेखाखाली कशाला? पालिकेची इमारत मैदानाला लागूनच आहे.

दोघा-तिघांनी मोठ्या चाकांची बॅग घ्यावी की छोट्या, आणि दांडा अडकला तर काय करावं, असं नीट, सभ्यपणे विचारलंय. त्यांना उद्या सवडीनं लिहितो. ‘सॉलिड बोललात’वाल्यांना वेगळं उत्तर मिळणार नाही.