श्वास मोजायचा, पण कुणाच्या मापाने?

2024च्या फेब्रुवारीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा अभ्यास गाजला आणि भारतात एकच मथळा फिरला: कोविडने भारतीयांची फुफ्फुसं इतरांपेक्षा जास्त बिघडवली. तपासलेले 207 जण. त्यातल्या सुमारे 44 टक्क्यांमध्ये हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरवण्याची क्षमता कमी. अभ्यास हवाच होता. पण त्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, फुफ्फुसं कायमची गेली. दुसऱ्याचं, हे सगळं मनाचं. इकडे ब्रिटनमध्ये बसून तो वाद वाचताना जाणवतं, की हे मोजलं कशाने, हे कुणी विचारतच नाही.

विषाणूचा न्यूमोनिया मुख्यतः वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंतींना इजा करतो. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकायची चाचणी, मात्र हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते एवढंच सांगते. म्हणून ती नॉर्मल येऊनही जिना चढताना धाप लागू शकते. भिंतींची इजा कळायला डीएलसीओ ही चाचणी लागते: अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा पूर्ण आत घ्यायची, 10 सेकंद धरायची, सोडायची, किती वायू रक्तात गेला ते यंत्र काढतं.

इथे एक चूक वारंवार होते. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो, त्यामुळे रक्त कमी असेल तर फुफ्फुस धडधाकट असूनही आकडा पडतो. हिमोग्लोबिन 9 असलेल्या स्त्रीची डीएलसीओ 65 टक्के आली, तर दुरुस्ती केल्यावर ती 78च्या आसपास जाते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रिपोर्टवर 'हिमोग्लोबिनसाठी दुरुस्त' असं लिहिलेलं नसेल तर त्या टक्क्यावर रडूही नये आणि भांडूही नये.

दुसरी गोची तुलनेची, आणि तिच्यातून परदेशही सुटलेला नाही. निरोगी माणसाचा अपेक्षित आकडा काढणारी 2012ची जागतिक स्पायरोमेट्री समीकरणं केली तेव्हा भारतीय उपखंडासाठी वेगळा गटच नव्हता. यंत्रावर 'गोरे' निवडलं की भारतीय माणसाची तीच फुंकर दहाएक टक्क्यांनी कमी दिसते. 2022मध्ये वंश वगळलेली समीकरणं आली, त्याने गोंधळ थोडा कमी झाला. प्रश्न मिटला नाही. सगळ्यात भरवशाची तुलना स्वतःच्या जुन्या रिपोर्टशीच. नोकरीच्या वेळची स्पायरोमेट्री कुठे फाइलमध्ये पडली असेल तर ती शोधून काढावी.

ब्रिटनची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: कोविड न्यूमोनियानंतर साधारण 12 आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे, आणि त्यात डाग किंवा माणसाला धाप टिकली तरच पुढचा तपास. त्याआधी केलेल्या सीटीत दिसणारे डाग पुष्कळदा आपोआप विरतात. रांगा इथेही लांब आहेत, त्याचं कौतुक नको.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. हात नसलेल्या खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता, एक मिनिट उठ-बस करायची, बोटाला ऑक्सिमीटर. आकडा 3 किंवा जास्तने घसरला तर डॉक्टरांना दाखवावं. थांबल्यावरही मिनिटभर बघत राहावं, कारण घसरण उशिरा दिसते. बसलेला आकडाच 96च्या खाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर हे घरी करू नये. नेलपॉलिश आणि गार बोटं आकडा बिघडवतात. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून '97 आहे, काही नाही' असं सांगून धापेची तक्रार उडवून लावणं चूक.

आणि श्वास आत ओढून चेंडू उचलायचं ते तीन चेंडूंचं यंत्र. ते शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसाचा तळ मिटू नये म्हणून. 'तीनही चेंडू उचलले' यावरून वायुकोश भरून आले असं ठरत नाही. फरक पडतो तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे चालणाऱ्या व्यायामाने. भारतात त्यासाठी आग्रह धरायला हवा. इनहेलर सरसकट लिहून देण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं आहे. एक मोठा अपवाद: श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरूण धरत असेल, तर व्यायाम वाढवत नेऊ नये. अशा रुग्णाला 'थोडा जोर लावा' म्हणणं, ते इथे म्हटलेलं असो की तिथे, थेट नुकसान करतं.