शिखरावर पोचलात की आधी खाली बघा

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या गडकिल्ल्यांच्या मंडळींना वीरगळ ओळखता येते, गधेगळ ओळखता येते. पाण्याचं टाकं सातवाहन काळातलं की नंतरचं, यावर पिठलं-भाकरी गार होईपर्यंत भांडणारे लोक माझ्या मित्रयादीत आहेत. पण बोडक्या माथ्यावर कातळात वीतभर वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक टिंब कोरलेलं असलं, तर त्यावर सॅक टेकवून आपण ग्रुप फोटो काढतो. ते कुणी कोरलं, कशासाठी कोरलं, फारसं कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की डोंगर भटकणाऱ्यांनी या जुन्या मोजणीच्या खुणा शोधायचा नाद लावून घ्यावा. आणि सापडल्यावर हात खिशात ठेवावेत. या दुसऱ्या वाक्यावरून माझं अनेकांशी वाजलंय, त्याकडे येतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्यानं साडेसात मैलांची एक सरळ रेष साखळीनं मोजायला घेतली. ती मोजून झाली की तिच्या दोन टोकांवरून लांबच्या डोंगरावरच्या एका बिंदूचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि कोन हातात आले की उरलेल्या दोन बाजू गणित देतं, हे आपण शाळेत शिकलोय. मग ती नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत गेले. म्हणजे साखळी फक्त मधूनमधून, पडताळ्यापुरती. एरवी काम एकच, डोंगर चढायचे. यंत्र तरी केवढं! छत्तीस इंची वर्तुळाचा तो थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाच्या आसपास होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला आणि लॅम्बटननं तो स्वतः ठाकठीक केला. आपण दहा किलोची सॅक घेऊन कुरकुरतो.

या मोहिमेचं नाव ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, जीटीएस. एव्हरेस्टमुळे ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ही त्रिकोणांची रेष विदर्भातून गेली आहे हे कितीजणांना माहीत असतं? मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीतून रोज किती माणसं हिंगणघाट ओलांडतात! पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं वऱ्हाडातूनच उत्तरेला नेलं.

बंगालच्या सपाट मुलखात या लोकांना दृष्टी पोचावी म्हणून उंच मनोरे बांधावे लागले. त्यातले दोन कोलकात्याच्या बराकपूर ट्रंक रोडवर अजून उभे आहेत. आपल्याकडे सह्याद्रीनं तो खर्च वाचवला. चांगलं शिखर, चारी बाजूंना नजर, झालं मोजणीचं ठाणं.

ठाण्याची रचना समजून घ्या, कारण शोधायला तीच उपयोगी पडते. सगळ्यात खाली जिवंत कातळात किंवा पुरलेल्या दगडावर वर्तुळ आणि टिंब. त्यावर बरोबर ओळंब्यात एक खांब, आणि खांबाच्या डोक्यावर तशीच दुसरी खूण. खांबाभोवती दगडांचा चौथरा, पण खांबाला न चिकटलेला. निरीक्षक चौथऱ्यावर पाय हलवणार, त्याचा धक्का यंत्राला बसू नये म्हणून. आज माथ्यावर तुम्हाला बहुतेक वेळा नुसता दगडांचा ढीग दिसेल. वरचा खांब गेलेला असतो. पण खालची खूण शाबूत असू शकते, आणि ती असावी यासाठीच तर दोन खुणा ठेवल्या होत्या!

दुसरं घराणं उंचीच्या खुणांचं, म्हणजे बेंचमार्कचं. त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. उंची मोजत जाणारी माणसं रस्त्यानं आणि रेल्वेच्या कडेनं जात, त्यामुळे त्यांच्या खुणा पुलाच्या कठड्यावर, मोरीवर, जुन्या स्टेशनच्या, कचेरीच्या किंवा देवळाच्या जोत्यावर सापडतात. वर जी.टी.एस., खाली बी.एम. ही इंग्रजी अक्षरं आणि मधे कोरलेला चौकोन. गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुणी पानाची पिंक टाकलेली. त्या चौकोनाची उंची समुद्रसपाटीपासून ठरवलेली आहे, आणि समुद्रसपाटी म्हणजे काय हे १९०९ च्या हिशेबात नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पक्कं केलं होतं. त्यातलं एक आपलं मुंबईचं अपोलो बंदर, एक कारवार. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळ्या पाटीवर उंची लिहिलेली असते, ती कुठून येते असं लहानपणी वाटलं असेल तर हे त्याचं उत्तर.

आता शोधायचं कसं. सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना ऑनलाइन फुकट मिळतात. त्यावर त्रिकोणात टिंब आणि शेजारी आकडा दिसला की ते त्रिकोणमितीचं ठाणं. बीएम आणि आकडा म्हणजे बेंचमार्क. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर जाऊ नका, तिथे जमिनीवर काही नसतं. जुन्या अहवालांतले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घालू नका, हे मात्र कान पकडून सांगतो. एक तर पृथ्वीचा आकार त्यांनी वेगळा धरलेला आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकातले रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या जुन्या रेखांशावर बांधलेले, आणि तोच मुळात सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होता. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे चार-साडेचार किलोमीटर. म्हणजे तुम्ही पूर्वेच्या भलत्याच डोंगरावर घाम गाळत बसाल. त्यापेक्षा जुन्या वर्णनातलं गावाचं नाव पकडा आणि त्या गावात जा.

आणि खरी मजा गावातच आहे. हातात नकाशा, मोबाइलवर जीपीएस, डोक्यावर टोपी असा माणूस पारापाशी आला की पहिला प्रश्न ठरलेला: "कशाची मोजणी? हायवे का रिंगरोड?" लोकांचं चुकत नाही. गेल्या काही वर्षांत नकाशा घेऊन आलेल्या माणसामागून बऱ्याचदा भूसंपादनाची नोटीस आली आहे. मी आधी नकाशाची घडी घालतो, चहा मागवतो, आणि जुन्या दगडाबद्दल विचारतो. तरुण पोरं खांदे उडवतात. मेंढरं राखणारा किंवा गुरं वळणारा म्हातारा माणूस शोधायचा. एका आजोबांनी मला बसल्या जागेवरून काठीनं दिशा दाखवली होती. "त्यो व्हय? सायबाचा दगुड. आमच्या आज्याच्या टायमाला पाटलाकडं हुता त्याचा हवाला." मी ऐकतच राहिलो, कारण ठाण्यांची राखण गावकामगारांकडे सोपवलेली असे, हे मी फक्त छापील कागदात वाचलं होतं. मग मी विचारलं, "आजोबा, वर काही शिल्लक आहे का?" तर म्हणाले, "आता काय र्‍हायलंय, समद्यांनी उकरलाय धनासाठी."

धनासाठी! हा या खुणांचा पहिला शत्रू. एवढ्या उंचावर साहेबानं चौथरा बांधला, खाली दगड पुरला, म्हणजे हंडा असणारच, हा हिशेब लोकांनी केला आणि पहारी चालवल्या. दुसरा शत्रू शेंदूर, पण त्याच्यावर माझा फारसा राग नाही. शेंदूर लागलेला दगड निदान कुणी हलवत नाही. मला खरी भीती वाटते ती आपली. म्हणजे तुमची-माझी, संवर्धनवाल्यांची. माथ्यावर झेंड्याचा खांब रोवायला सगळ्यात सोयीची जागा कुठली? बरोबर मधली, सर्वात उंच, जिथे आयता चौथरा आहे ती. खड्डा घेतला, सिमेंट ओतलं, घोषणा झाली, आणि दीडशे वर्षं टिकलेली खूण दुपारच्या आत संपली. झेंड्याला माझा विरोध नाही. चार पावलं बाजूला रोवा, इतकंच. अक्षरं नीट दिसावीत म्हणून ऑइल पेंट भरणारेही भेटतात. त्यांना मी फक्त एवढंच सांगतो, की सकाळी लवकर जा. तिरकं ऊन पडलं की झिजलेली अक्षरंही आपोआप उठून दिसतात. फार तर पाणी शिंपडा. चुना नाही, खडू नाही, तारेचा ब्रश तर नाहीच नाही.

सार्वजनिक अधिकाऱ्यानं बसवलेली सीमाखूण नष्ट करणं किंवा हलवणं हा गुन्हा जुन्या दंड संहितेत होता, नव्या न्याय संहितेतही आहे. पण कायद्याच्या धाकानं डोंगरावर काही वाचल्याचं मी पाहिलं नाही. माहिती असलेल्या माणसांमुळे वाचलेलं पाहिलंय.

आता नागपूरकर चिडतील असं बोलतो. झिरो माइल! १९०७ चा तो वालुकाश्माचा खांब, ते चार घोडे, आणि "हा भारताचा मध्यबिंदू" ही पिढ्यानपिढ्या चाललेली कहाणी. स्मारक देखणं आहे, जरूर बघा. शहरांची अंतरं कोरलेला दगड तर फारच छान. पण तिथली खरी मोलाची गोष्ट म्हणजे जीटीएसचा बेंचमार्क, समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फुटांची ती पक्की नोंद. मध्यबिंदूची गोष्ट तिच्यावर नंतर चढवलेली. भारताच्या त्रिकोणांच्या गणिताचा आरंभबिंदू म्हणाल तर तो मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला धरला होता. झिरो माइलपाशी सेल्फी काढणाऱ्या शंभरातल्या एकालाही बेंचमार्क म्हणजे काय हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

"गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?" हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. मोजणी कंपनीच्या फायद्यासाठी झाली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सारा गोळा करायला आणि फौजा हलवायला नकाशा लागतोच. पण यंत्र डोक्यावर-खांद्यावर वाहून नेणारे खलाशी (मोजणीतल्या मजुरांना खलाशीच म्हणत), रात्री शेजारच्या शिखरावर दिवा धरून बसणारे, जंगलातल्या तापानं मेलेले, हे आपले लोक होते. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची काढणारे राधानाथ सिकदार आपले होते. जॉर्ज एव्हरेस्टची यंत्रं दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मोहसीन हुसेन आपले होते. साहेबाचं नाव शिखराला लागलं. खलाशांचं नाव कुठेच लागलं नाही, पण त्यांच्या हातची खूण कातळात आहे. ती पुसून नक्की कुणाचा सूड घेतला जातो?

शिवाय या खुणा अजून कामाच्या आहेत. १८९७ चा आसामचा महाभूकंप घ्या. त्याच्या आधी जीटीएसनं मोजलेली ठाणी भूकंपानंतर पुन्हा मोजली गेली होती. त्या जुन्या आकड्यांवरून २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी शिलाँग पठाराच्या उत्तर कडेला जमिनीखाली दडलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकतो ती भेग, दाखवून दिला. आकड्यांवरून, शंभर वर्षांनी! दक्षिण भारतातही १८६० च्या दशकातल्या ठाण्यांवर १९९० च्या दशकात जीपीएस बसवून द्वीपकल्प किती ताणलं गेलंय हे तपासलं गेलं, आणि ते जवळजवळ स्थिर निघालं. जमीन हलली की नाही हे कळायला कुणीतरी आधी एक टिंब कोरून ठेवावं लागतं, आणि ते जागच्या जागी राहावं लागतं. उपग्रह आजपासून पुढचं सांगेल. दीडशे वर्षांपूर्वीचं सांगायला तोच दगड लागतो.

ब्रिटनमध्ये हा छंद फार जोरात आहे. १९३६ पासून तिथे साडेसहा हजारांच्या आसपास काँक्रीटचे खांब उभारले, आणि लोक ते मोजत फिरतात. खरं सांगू? छातीइतका पांढरा खांब अर्ध्या मैलावरून दिसतो, त्यात शोध कसला! आपल्याकडे गवत बाजूला करावं लागतं, म्हाताऱ्यांशी बोलावं लागतं, आग्या मोहोळ टाळावं लागतं, आणि एवढं करून काही सापडेलच असं नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, गवतात काही दिसत नाही. होळीच्या सुमाराला माथे मोकळे होतात, तेव्हा जा. रेल्वेच्या हद्दीत आणि लष्करी भागात परवानगीशिवाय शिरू नका. सापडलं तर तीन फोटो पुरेत: एक सरळ वरून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, एक चौथऱ्यासकट, एक आजूबाजूचा मुलूख दिसेल असा. गावाचं नाव, तारीख, मोबाइलनं दाखवलेलं स्थान लिहून ठेवा आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्यातल्या कार्यालयाला कळवा. उत्तर नाही आलं तरी कळवा. धनवाले सगळीकडे आहेत, म्हणून डोंगरावरच्या ठाण्यांची नेमकी जागा फेसबुकवर टाकू नका. शहरातल्या जोत्यावरचे बेंचमार्क मात्र बिनधास्त टाका. तिथे धोका पहारीचा नसून फरशी बसवणाऱ्या ठेकेदाराचा आहे, आणि त्याच्यापुढे चार शेजाऱ्यांना माहीत असलेलं बरं. तुमच्या गावच्या जुन्या पुलावर किंवा देवळाच्या पायरीवर असा चौकोन पाहिलेला असेल, तर फोटो खाली टाका. नाशिक, नगर आणि साताऱ्याकडच्या मंडळींकडून माझी जास्त अपेक्षा आहे.