‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्हड’ लिहिलं की सुटलो? नाय हो

गणपती जवळ आले की चाकरमान्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात आणि त्यासोबत हा मेसेजही. ‘बिनधास्त बोला! ६६अ रद्द झालंय, पोस्टवरून केस होत नाही. प्रायव्हेट ग्रुपमधलं बोलणं पब्लिक नसतं. खाली फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्हड टाका, जबाबदारी तुमची नाही. काही झालंच तर अ‍ॅडमिन आत जाईल.’ मग तिरंगा आणि जोडलेले हात.

६६अ म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करणारं आयटी कायद्याचं कलम. ते गेलं हे खरंय, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण ते प्रकरण पेटलं कुठून, तर आपल्या पालघरातून. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, मुंबई बंद, एका मुलीने हा बंद कशाला असं फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं आणि दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! तेव्हा ६६अ सोबत आयपीसीचं ५०५ पण लावलं होतं, म्हणजे तेढ वाढवणाऱ्या विधानांचं कलम, आणि ते कुठे गेलंय, १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३५३ होऊन बसलंय. शिवाय तेढ पसरवण्याला १९६ आहे, बदनामीला ३५६ आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद. पालघरची केस पुढे बंद झाली, पण त्याआधीच मुलीच्या काकांचं हॉस्पिटल जमावाने फोडलं होतं. फोडणाऱ्यांनी काय कलम वाचलं नव्हतं.

आता प्रायव्हेट ग्रुप. अहो, बदनामीला तिसऱ्या एका माणसाने वाचलं तरी पुरतं, आणि इथे अर्धा गाव, वर डोंबिवली-नालासोपाऱ्याची मंडळी. समजा रात्री साडेअकराला कोणी टाकलं ‘जेटीचे पैसे सरपंचाने खाल्ले’, सकाळी डिलीट फॉर एव्हरीवन दाबलं, तोवर स्क्रीनशॉट सरपंचाच्या पुतण्याकडे पोचलेला असतो. बरं, ‘खरं तेच बोललो’ म्हणून पण आपोआप सुटका नाही, ते खरं होतं आणि लोकांच्या भल्याचं होतं हे दोन्ही तुम्ही दाखवायचं. तेच ‘फलकावर दिवे बारा, जेटीवर दोन, बाकीचे कुठेत?’ असं विचारलं असतं तर? सरपंचाच्या कामावर प्रामाणिकपणे टीका करायला कायद्यातच सूट आहे. खाल्ले म्हणायला मात्र पुरावा लागतो आणि तो रात्री साडेअकराला कोणाकडे नसतो.

फॉरवर्डचं तर विचारूच नका. तामिळनाडूतले नट आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची दुसऱ्याची पोस्ट शेअर केली, मग काढली, माफी मागितली. डोळ्यात औषध घातलं होतं, न वाचताच शेअर झालं असंही सांगून झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस रद्द करायला नकार दिला.

आणि अ‍ॅडमिन? उलटंच आहे. मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय, त्याचा स्वतःचा हात असेल तर गोष्ट वेगळी. पण हा मेसेज वाचून आमच्याकडचे अ‍ॅडमिन असे घाबरलेत की कोणी पंचायतीचा खर्च विचारला रे विचारला की ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ लावून, म्हणजे बाकीच्यांचं लिहिणंच बंद करून, मोकळे.

जेटीचा हिशोब खरंच हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग ते उत्तर खुशाल टाका ग्रुपवर.