दोन नाना आणि एक मुलगी

वेगवेगळ्या वंशांच्या आईवडिलांना उद्देशून लिहिलेला एक मजकूर आमच्या नातेवाइकांनी मला आतापर्यंत तीनदा पाठवला आहे. ‘मुलाला एकच भाषा, एकच रीत आणि एकच ओळख द्या; दोन्हीकडचे देत बसलात तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्याची गत होईल,’ असे त्यात म्हटले असून पुढे चार कारणे दिली आहेत. मी कोल्हापूरची, पती घानामधल्या कुमासीचे आणि आमची सहा वर्षांची मुलगी राजारामपुरीत वाढते आहे. त्यामुळे ही कारणे तपासणे मला भाग आहे.

पहिले कारण भाषेचे. दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळते व उशिरा बोलू लागते, हा समज खरा नाही. दोन भाषांत वाढणारी मुले पहिले शब्द इतर मुलांच्याच वयात बोलतात. एकेका भाषेतला शब्दसाठा काही काळ लहान वाटला, तरी दोन्हींची बेरीज केल्यावर तो सहसा कमी भरत नाही. आमच्या घरी तर ‘नाना’ या एकाच शब्दाने याची परीक्षा घेतली. माझ्या थोरल्या चुलत्यांना सगळे नाना म्हणतात आणि कुमासीकडच्या ट्वी भाषेत ‘नाना’ म्हणजे आजी किंवा आजोबा. फोन वाजला की तीन वर्षांची मुलगी विचारायची, ‘मिशीवाले नाना का कुमासीची नाना?’ क्रियापदही ती त्याप्रमाणे बदलायची. यात गोंधळ कुठे आहे, ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवावे.

दुसरे कारण असे की, रंगारूपाचा विषय घरात काढू नये, कारण मुलांना तो कळत नाही. वस्तुतः तीन-चार वर्षांच्या मुलाला त्वचेतला फरक दिसतो आणि त्यावर मोठी माणसे गप्प होतात, हेही दिसते. रंकाळ्यावर भेळ खाताना एखादी अनोळखी बाई केसांना हात लावून ‘खरेच आहेत का गं?’ असे विचारते, तेव्हा घरात त्यासाठी शब्द नसतील, तर मूल आपले उत्तर त्या बाईच्या चेहऱ्यावरून घेते. या बाबतीत चूक माझीही झाली. तिचे दाट कुरळे केस मी बरेच दिवस माझ्यासारखेच, कोरडे आणि बारीक दातांच्या फणीने विंचरत असे. केस तुटत, ती रडे आणि माझ्या आईच्या तोंडून ‘काय बाई हे केस!’ निघून जाई. शेवटी कुमासीच्या नानांनी व्हिडिओ कॉलवर धडा दिला: आधी पाण्याने भिजवायचे, तेल लावायचे, चार भाग करायचे आणि रुंद दातांचा कंगवा टोकांपासून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यायचा. आता दर रविवारी आईच तिच्या वेण्या घालते. आईला ट्वी येत नाही, फोनवरच्या कुमासीच्या आजीला मराठी. दुभाषी मांडीवर बसलेली असते.

‘हे आपल्या मातीतले नाही, समाज स्वीकारत नाही’ हे तिसरे कारण. यातला पहिला अर्धा भाग इतिहासाला धरून नाही. इथियोपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला आणि 1626 मध्ये इथल्याच मातीत मिळाला. शाहू महाराजांनी तर आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे बळ दिले. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र तथ्य आहे. समाज स्वीकारतो, पण बऱ्याचदा एक बाजू पुसून: 1928 मध्ये इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांच्याशी लग्न करण्यासाठी अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांना धर्मासोबत नावही बदलून शर्मिष्ठादेवी व्हावे लागले. आमच्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी कारकुनाने वडिलांची जात विचारली, ‘नाही’ हे उत्तर ऐकून तो थोडा वेळ थांबला आणि त्याने रकान्यात आडवी रेघ ओढली. अशी रेघ बाहेरचे ओढतातच; ती घरातही ओढावी, असा या मजकुराचा आग्रह आहे.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून रीतही एकच हवी, हे शेवटचे कारण. पहिले विधान बरोबर आहे. पण पासपोर्टचा नियम बाळाच्या पाळण्याला कसा लागू होतो, ते कळत नाही. मुलगी शुक्रवारी जन्मली, म्हणून तिच्या वडिलांच्या अकान समाजाच्या रिवाजाप्रमाणे ती ‘अफिया’ झाली. आठव्या दिवशी वडिलांनी तिच्या जिभेवर आधी पाण्याचा व मग मद्याचा थेंब टेकवला. पाण्याला पाणी आणि मद्याला मद्य म्हणणारी, म्हणजे खरे बोलणारी व्हावी, हा त्यामागचा हेतू. माझ्या आईला मद्याचा थेंब मुळीच पटला नव्हता, हे नोंदवले पाहिजे. बाराव्या दिवशी बारसे ठरले, तेव्हा मात्र तिनेच अडचण काढली: नाव ठेवण्याचा मान आत्याचा आणि आत्या तर कुमासीत. मग ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर आईने मोबाइल बाळाच्या कानाशी धरला आणि पलीकडून आत्याने, आदल्या रात्री तीनदा घोकून घेतलेले, ‘कुर्रर्र’ म्हटले.